मागावर कॅमेरा बसवताना

फणीची रेघ टॉवेलवर सरळ वरून पाहिली तर दिसत नाही. फणी म्हणजे मागावर धागे ठरावीक अंतरावर राखणारा आणि आडवा धागा ठोकून बसवणारा दातेरी पट्टा. तिचा एखादा दात वाकला की त्या जागी ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, दोन तारांमधलं अंतर जरासं वाढतं आणि विणलेल्या कापडावर लांबच लांब बारीक पट्टी उमटत जाते. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत तयार माल तपासणाऱ्या बायका ती कशी पकडतात हे शेजारी उभं राहून पाहिलं तरच कळतं. "अक्का, आम्हाला तर काहीच दिसत नाही," म्हटलं की उत्तर येतं, "असं वरनं नका बघू सर. खिडकीकडं करा, आडवं धरा." टॉवेल डोळ्यांच्या पातळीवर आणून, उजेड कापडाला जवळजवळ घासून जाईल असा तिरपा धरला की प्रत्येक लुपाची सावली पुढच्या ओळीवर पडते. जिथे लूप विरळ, तिथे सावल्यांची रांग तुटते. डोळा पकडतो ती तुटलेली रांग.

मागावर कॅमेरा बसवून कापडातले दोष यंत्राकडून ओळखून घ्यायचे, हे आमचं काम. त्यातला पहिला दिवा याच मापाने बसला. एलईडीची लांब पट्टी, कापडापासून साधारण १५ अंशांच्या कोनात, एकाच बाजूने. दोन्ही बाजूंनी उजेड टाकला की सावल्या एकमेकींना पुसतात आणि रेघ पुन्हा गायब होते. पट्टी कोणत्या बाजूला लावायची हेही दोषावर ठरतं. उभ्या रेघेसाठी उजेड आडवा यायला हवा, म्हणजे किनारीच्या बाजूने. बाण्यातला, म्हणजे आडव्या धाग्यातला दोष, धागा चुकलेला किंवा दुहेरी पडलेला, पकडायचा तर उजेड ताण्याच्या दिशेने. म्हणून दोन पट्ट्या लावून त्या आळीपाळीने पेटवतो आणि एकाच जागेची दोन चित्रं घेतो. जाळं पडलं असेल, कापड विरळ असेल, तर दिवा कापडाच्या मागे हवा.

पॅटर्न रेकग्निशनच्या, म्हणजे चित्रातले नमुने यंत्राकडून ओळखून घेण्याच्या संशोधनात पाच-सात वर्षं घालवायची तयारी असलेल्या कुणालाही सांगण्यासारखं आमच्याकडे मुख्य हेच आहे: जो दोष चित्रात उतरला नाही तो कोणतंही सूत्र शोधून देत नाही. म्हणून जिथे रोज जाता येईल, वस्तू हातात घेता येईल आणि ती वस्तू वर्षानुवर्षं पाहणारं माणूस शेजारी उभं असेल, असा विषय घ्यावा. सोलापुरात त्यासाठी लांब जावं लागत नाही. पहिली कापड गिरणी इथे १८७७ साली निघाली. मोठ्या गिरण्या बंद पडल्या तरी यंत्रमागांचे कारखाने राहिले, आणि सोलापुरी चादर व टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. मालाचा दर्जा मात्र अजून बहुतेक ठिकाणी डोळाच ठरवतो.

कॅमेरा विकत घेण्याआधी कागदावर हिशोब करावा. टॉवेलच्या जमिनीच्या, म्हणजे लुपांखालच्या मूळ विणीच्या ताण्यात इंचाला २४ तारा धरल्या तर दोन तारांमधलं अंतर १.०६ मिमी येतं. एवढ्या अंतरात निदान पाच पिक्सेल पडायला हवेत, म्हणजे एक पिक्सेल ०.२ मिमीचा. ३० इंची टॉवेल ७६२ मिमी रुंद, त्याला ३,८१० पिक्सेल लागतात. ४०९६ × ३००० चा १२ मेगापिक्सेल सेन्सर इथे पुरतो आणि एका चित्रात सुमारे ८१९ × ६०० मिमी कापड येतं. सेन्सरचा पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा असेल तर त्याची रुंदी १४.१ मिमी. म्हणजे चित्र प्रत्यक्षाच्या ५८ पट लहान पडतं आणि १६ मिमीची लेन्स कापडापासून साधारण ९४ सेंमी लांब ठेवावी लागते. हा शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण मागासमोर विणकर उभा असतो. तार तुटली की त्याला वाकून ती जोडायची असते. ९४ सेंमीवर त्याचं डोकं येत असेल तर कॅमेरा दोन दिवसांत बाजूला वळवलेला सापडणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही. लेन्स बदलून कॅमेरा वर न्यावा.

कॅमेऱ्याचा खांब मागाच्या सांगाड्याला कधीही जोडू नये. जमिनीत बोल्ट मारलेला स्वतंत्र खांब घ्यावा, तोही पायाखाली रबराचा जाड तुकडा घालून.

आता माग हलतो त्याचं काय? मिनिटाला १८० बाणे आणि सेंटिमीटरला १५ बाणे धरले तर कापड मिनिटाला १२ सेंमी, म्हणजे सेकंदाला फक्त २ मिमी पुढे सरकतं. इतक्या मंद वस्तूचा फोटो काढायला काय अवघड, असं वाटतं, आणि पहिली शंभरेक चित्रं धूसर येतात. कारण सरकणं वेगळं आणि हेलकावणं वेगळं. सेकंदाला तीन ठोके बसतात. हेलकावा मधल्या स्थितीपासून १ मिमी धरला तर मधोमध वेग सेकंदाला सुमारे १९ मिमी होतो. चित्र अर्ध्या पिक्सेलपेक्षा जास्त ओढलं जाऊ नये म्हटलं तर शटर ५ मिलिसेकंदांच्या आत मिटलं पाहिजे. पण हा हिशोब झुल्यासारख्या गुळगुळीत हालचालीचा आहे. फणीचा ठोका हा धक्का असतो, वेग क्षणात कितीतरी चढतो. म्हणून आम्ही अर्ध्या मिलिसेकंदावर आलो. शटर इतकं लहान केलं की उजेड दसपट लागतो, म्हणजे दिवा त्या अर्ध्या मिलिसेकंदापुरताच जोरात पेटवणारा ड्रायव्हर घ्यावा लागतो. सेन्सर ग्लोबल शटरचाच, म्हणजे सगळं चित्र एकाच क्षणी टिपणारा हवा. मोबाइलसारखं ओळीओळीने वाचणारं शटर असेल तर सरळ तारा चित्रात नागमोडी दिसतात, आणि मग तो कापडाचा दोष की कॅमेऱ्याचा, हे कळायला मार्ग उरत नाही.

दुसरा उपाय स्वस्त आहे आणि जास्त कामाचा. चित्र वाटेल तेव्हा घ्यायचंच नाही. मागाच्या क्रँकशाफ्टवर, म्हणजे फणी पुढे-मागे हलवणाऱ्या दांड्यावर, लोखंडी पत्ती बसवून तिच्यासमोर २४ व्होल्टचा इंडक्टिव्ह प्रॉक्झिमिटी सेन्सर, म्हणजे धातू जवळ आला की न शिवता ओळखणारा सेन्सर, लावायचा. फणी कापडापासून सगळ्यात मागे गेली की पत्ती सेन्सरसमोर येते, आणि त्या क्षणी कापड सगळ्यात शांत असतं. उजेडावर चालणारा सेन्सर इथे लावू नये, आठवडाभरात रुईच्या कणांनी तो आंधळा होतो. इंडक्टिव्ह सेन्सरला रुई आणि ग्रीस दोन्हींचा त्रास नाही. सेन्सर एनपीएन की पीएनपी (आउटपुट जोडण्याचे दोन प्रकार) हे कॅमेऱ्याच्या इनपुटशी जुळवून घ्यावं. जुळलं नाही तर बहुधा काही जळत नाही, पण कॅमेरा चित्रच घेत नाही, आणि दोष सॉफ्टवेअरमध्ये शोधण्यात दिवस जातो. सेन्सरची वायर मोटारीच्या वायरसोबत एकाच पाइपातून नेली तर उलट घडतं: मोटार सुरू होताना खोटे ठोके मोजले जातात.

दर ठोक्याला चित्र घ्यायची गरज नसते. ६० सेंमीच्या चित्रात ६ सेंमी आच्छादन ठेवलं तर ५४ सेंमीला एक चित्र, म्हणजे ८१० बाण्यांना एक, साधारण साडेचार मिनिटांनी. ८१० ला तीनने भाग जातो, आणि तसाच आकडा निवडायला हवा. टेरीत बहुधा तीन बाण्यांचा फेरा असतो. पहिले दोन बाणे फणी कापडापासून थोडे अलीकडे सोडते, तिसऱ्याला तिन्ही एकदम ठोकून बसवते, आणि त्या सरकण्यातून पाइलचं लूप उभं राहतं. तीनच्या पटीत मोजलं की कापड प्रत्येक चित्रात फेऱ्याच्या त्याच टप्प्यावर सापडतं. तीनने भाग न जाणारा आकडा घेऊन पाहा, लागोपाठची चित्रं एकमेकांशी जुळत नाहीत आणि कारण सापडत नाही.

कारखान्यातले दिवे ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, अर्ध्या मिलिसेकंदाच्या शटरला कळतं. एक चित्र उजळ, पुढचं काळपट. आपला दिवा पेटेल तेवढा वेळ स्थिर डीसी करंटवर चालवावा आणि कॅमेऱ्याभोवती काळ्या कापडाची झूल सोडावी. ऑटो एक्स्पोजर, ऑटो गेन आणि ऑटो व्हाइट बॅलन्स तिन्ही बंद. ते चालू राहिलं तर तेलाचा मोठा डाग आला की कॅमेरा सगळं चित्र उजळ करतो आणि डाग स्वतःच फिका पाडतो. पांढरा कागद पसरून, फोकस जरा बिघडवून, पन्नास चित्रांची सरासरी काढून ठेवावी आणि पुढच्या प्रत्येक चित्राला तिने भागावं, म्हणजे दिव्याचा मधला झगझगीत पट्टा जातो. साठवताना पीएनजी किंवा टिफ. जेपीईजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं, आणि तारांमधलं अंतर पाच-सहा पिक्सेल असताना त्या चौकोनांची जाळी विणीत मिसळते.

चादरीचा प्रश्न निराळा. जॅकार्डची, म्हणजे ताण्याच्या तारा वेगवेगळ्या उचलून विणलेली नक्षी इतकी ठसठशीत असते की चुकलेला एक धागा तिच्यात हरवतो. इथे ८५० नॅनोमीटरचा अवरक्त (इन्फ्रारेड) दिवा फार उपयोगी पडतो. सुती कापडावरचे बहुतेक रंग त्या उजेडाला जवळजवळ पारदर्शक असतात. लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्यांची चादर कॅमेऱ्याला एकसारखी करडी दिसते, नक्षीचा रंग मागे पडतो आणि उरते ती वीण. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं चादर बदलली! काही काळे रंग मात्र अवरक्तातही काळेच राहतात, तेवढं तपासून घ्यावं. कॅमेरा मोनोक्रोम हवा, रंगीत कॅमेऱ्यात अवरक्त अडवणारी काच असते. फोकस अवरक्त दिवा लावूनच करायचा, साध्या उजेडात केलेला फोकस इथे सरकतो. आणि चुकीच्या रंगाची तार लागली असेल तर ती या चित्रात दिसणारच नाही, त्यासाठी साध्या उजेडाचं दुसरं चित्र लागतं.

रुईबद्दल थोडक्यात: खाली तोंड केलेल्या लेन्सवर ती कमी बसते, वर तोंड केलेल्या दिव्यावर थर साचतो. मागचा दिवा म्हणूनच कापड जिथे उभं खाली उतरतं तिथे लावावा. पेटीत दाबाची हवा सोडून रुई बाहेर ठेवता येते, पण कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल येतं, फिल्टर नसेल तर तेच लेन्सवर बसतं. एप्रिल-मे महिन्यात सोलापूर चाळिशी ओलांडतं आणि पत्र्याखाली पेटी आणखी तापते. सेन्सरचा गोंगाट, म्हणजे चित्रातले खोटे ठिपके वाढतात, एलईडीचा उजेड उतरतो. हिवाळ्यात ठरवलेली उंबरठ्याची किंमत, म्हणजे जिच्यापुढे यंत्र दोष म्हणतं ती सीमा, उन्हाळ्यात चालत नाही. चित्राच्या एका कोपऱ्यात करड्या रंगाची कायमची पट्टी चिकटवून ठेवली तर हा उतार रोज मोजता येतो.

चित्रं आली, आता त्यांना नावं द्यायची, कोणतं चांगलं आणि कोणतं सदोष. माल तपासणाऱ्या जाणकार दोघींनी वेगवेगळं बसून तीच शंभर चित्रं पाहावीत. समजा ८५ दोघींनी चांगली ठरवली, ५ दोघींनी सदोष, आणि १० वर मतभेद झाला, पाच इकडे पाच तिकडे. एकमत ९० टक्के, म्हणजे उत्तमच वाटतं. पण दोघीही दहातल्या एका चित्राला सदोष म्हणतात, तेव्हा नुसत्या योगायोगानेही ८२ टक्के एकमत झालं असतं. योगायोग वजा करणारं कोहेनचं १९६० सालचं माप, कप्पा, इथे ०.४४ येतं, म्हणजे जेमतेम मध्यम. ज्या प्रश्नावर माणसंच इतकी वेगळी पडतात त्यावर यंत्राची ९८ टक्के अचूकता सांगण्याला अर्थ नाही. मतभेदाची चित्रं फेकून देऊ नयेत. ती घेऊन दोघींसोबत बसलं की कळतं, एक जण रेघ निर्यातीच्या मालाच्या हिशोबाने पाहते, दुसरी स्थानिक बाजाराच्या. मग दोषाचं नाव आणि त्याची तीव्रता असे दोन रकाने करावे लागतात. तीव्रतेला कापडधंद्यातलीच चार गुणांची पद्धत वापरावी: ३ इंचांपर्यंत १ गुण, ३ ते ६ ला २, ६ ते ९ ला ३, त्यापुढे ४. कारखानदाराला ही भाषा आधीपासून येते.

सूत्रांकडे आता वळतो. हॅरालिक आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मांडलेलं को-ऑकरन्स मॅट्रिक्स, म्हणजे ठरावीक अंतरावरच्या दोन पिक्सेलांच्या छटांची जोडी किती वेळा येते याचा तक्ता, कापडावर आजही करून पाहण्यासारखा आहे. त्यात सगळ्यांची एक चूक हमखास होते. २५६ छटा तशाच ठेवल्या तर तक्त्यात ६५,५३६ घरं होतात, आणि ६४ × ६४ च्या तुकड्यात आडव्या जोड्या असतात फक्त ४,०३२. बहुतेक घरं रिकामी, मग त्यावरून काढलेले आकडे नुसते डोलतात. छटा १६ वर आणाव्यात, घरं २५६ होतात. दोन पिक्सेलांमधलं अंतर तारांच्या अंतराएवढं, म्हणजे पाच-सहा, घ्यावं. एक पिक्सेल अंतर घेऊन केलेलं काम कापड मोजत नाही, लेन्सचा धूसरपणा मोजतं. गॅबोर फिल्टर, म्हणजे ठरावीक दिशेच्या आणि अंतराच्या रेघा शोधणारं सूत्र, त्याचंही तेच, तरंगलांबी तारांच्या अंतराशी जुळायला हवी. कापड ताणानुसार आखडतं-सैल होतं, म्हणून हे अंतर प्रत्येक बीमला (ताणा गुंडाळलेल्या रुळाला) फूरिये रूपांतरातल्या, म्हणजे चित्रात काय किती अंतराने पुन्हा येतं ते दाखवणाऱ्या गणितातल्या, ठळक ठिपक्यांवरून नव्याने काढावं.

२०१२ नंतर खोल नेटवर्कांनी, म्हणजे उदाहरणांवरून मापं स्वतः शिकणाऱ्या प्रोग्रामांनी, या हाताने घडवलेल्या मापांची जागा घेतली. पण आमच्या प्रश्नात अडचण राहिलीच: चांगलं कापड हवं तेवढं, दोष मोजके, आणि उद्या येणारा दोष कालच्यासारखा नसणार. म्हणून आधीच शिकलेल्या नेटवर्ककडून चांगल्या कापडाची मापं घ्यायची आणि नवा तुकडा त्या गर्दीपासून किती दूर पडतो ते पाहायचं. हे अंतर मोजायला आज जे सूत्र वापरलं जातं ते संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांचं, १९३६ सालचं. १९२० च्या नागपूरच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांची भेट झाली आणि त्यांनी कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांची शारीरिक मापं महालनोबिसांना अभ्यासायला दिली. त्या कामातून हे अंतर पुढे आलं. माणसांच्या डोक्यांची मापं असोत की टॉवेलच्या लुपांची, प्रश्न एकच आहे: मापं एकमेकांशी बांधलेली असताना 'दूर' कशाला म्हणायचं. विद्यार्थ्यांना आम्ही हे सूत्र हाताने, दोन मापांवर सोडवायला लावतो.

वापरताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. शंभर मापं घेतली तर सहप्रसरणाच्या तक्त्यात, म्हणजे कोणती दोन मापं किती सोबत बदलतात त्या तक्त्यात, ५,०५० वेगळे आकडे काढायचे असतात. तुकडे काही हजार नसतील तर तो तक्ता उलटत नाही, किंवा उलटतो आणि मूर्खासारखी अंतरं देतो. कर्णावर ०.०१ सारखी छोटी संख्या मिळवली की तो सावरतो. दुसरं, २०२० मधल्या पॅडिम या पद्धतीत चित्रातल्या प्रत्येक जागेचा वेगळा तक्ता ठेवतात. स्क्रू किंवा बाटलीसारखी वस्तू नेहमी त्याच जागी असते तिथे ते छान चालतं. कापड सरकतं, त्याला 'जागा' नसते. सगळ्या जागा एकत्र करून एकच तक्ता केला तर कापडाला तो जास्त मानवतो, किनार तेवढी वेगळी ठेवावी.

सगळ्यात जास्त संशोधन वाया जातं ते विभागणीत. मोठ्या चित्राचे आच्छादणारे छोटे तुकडे पाडतात आणि मग ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे शिकवण्याचे आणि परीक्षेचे असे वाटून टाकतात. तेलाचा एकच डाग वीस तुकड्यांत आलेला असतो. सोळा शिकवायला गेले, चार परीक्षेला. यंत्र त्या चार तुकड्यांना ओळखतं, कारण त्यांची भावंडं त्याने पाहिलेली असतात. नव्या मागावर नेलं की सगळं कोसळतं. विभागणी बीमनुसार करावी, जमलं तर मागानुसार आणि महिन्यानुसारही. अचूकतेचा आकडा खाली येतो, संशोधक नाराज होतात, पण खरा आकडा तोच. सार्वजनिक चित्रसंचांवरही एवढ्यासाठीच थांबू नये. २०१९ चा एमव्हीटेक एडी चांगला आहे, ५,३५४ चित्रं आहेत, पण त्यातल्या गालिच्याची वीण आपल्या टेरीची नव्हे. पद्धत तपासायला तो वापरावा, दावा आपल्या कापडावर करावा.

आणि खोटी घंटा, म्हणजे दोष नसताना वाजलेली. ४०९६ × ३००० च्या चित्राचे ६४ पिक्सेलचे तुकडे पाडले तर २,९४४ होतात. आठ तासांच्या पाळीत साडेचार मिनिटांनी एक, म्हणजे १०६ चित्रं, म्हणजे एका मागाचे तीन लाखांवर तुकडे. यंत्र हजारात एकदाच चुकतं असं धरलं, तुकड्यामागे ९९.९ टक्के बरोबर, तरी पाळीत तीनशेहून जास्त खोट्या घंटा वाजतील. विणकर पाचव्या घंटेला वायर काढून ठेवेल. म्हणून उंबरठा उलट्या बाजूने ठरवायचा: विणकराला विचारायचं, पाळीत किती खोट्या घंटा चालतील? उत्तर एक-दोनच्या पुढे जात नाही. म्हणजे तीन लाखांत एक. एकट्या तुकड्यावर ते साधत नाही. शेजारच्या तुकड्यांची साक्ष घ्यावी लागते. तुटलेली तार एका उभ्या ओळीत खालपर्यंत जाते आणि पुढच्या चित्रातही त्याच जागी असते, चुकलेला बाणा आडवा किनारीपर्यंत जातो, रुईचा कण कुठेच जात नाही. विणीचं एवढं ज्ञान प्रोग्रामात घातलं की खोट्या घंटांचा मोठा भाग निघून जातो, तेही नवं नेटवर्क न शिकवता.

शोधनिबंध लिहिताना दोष किती पकडले याबरोबर दोष किती होते हेही लिहावं. ६० दोषांतला एकही सुटला नाही, तरी खरा सुटण्याचा दर ५ टक्क्यांपर्यंत असू शकतो. तीन भागिले साठ, असा सोपा नियम आहे. परीक्षक 'यात नवीन काय' विचारतात तेव्हा नवं नेटवर्क जोडण्यापेक्षा दिव्याचा कोन आणि शटर बदलल्यावर काय झालं याचे तक्ते द्यावेत. असे तक्ते कमी लोक देतात. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांकडे जाऊ नये. भारतातली या विषयाची परिषद, आयसीव्हीजीआयपी, १९९८ पासून भरते. तिथे नाकारलेल्या निबंधाचे शेरेही वाचण्याजोगे असतात. पीएच.डी.ला यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन आणि साधारण कमाल सहा वर्षं, कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. त्या तीन वर्षांतलं पहिलं वर्ष चित्रं गोळा करण्यातच जातं हे धरून चालावं. मूळ चित्रं, तारीख, माग, बीम, लेन्स, शटर ही नोंद प्रत्येक फाइलसोबत ठेवावी. आमच्या कामात पद्धती बदलत गेल्या, चित्रं तीच राहिली, आणि नव्या पद्धतीने जुनी चित्रं पुन्हा चालवता आली ती या नोंदींमुळे.

कापडावर हात बसला की दुसरा विषय जिल्ह्यात तयारच आहे. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र केगावला आहे, आणि बागायतदाराला सगळ्यात धास्ती तेल्याची. तेल्या हा जिवाणूचा रोग. पानावर पाणी भरल्यासारखे तेलकट ठिपके येतात, फळावर काळे डाग पडून ते एल किंवा वाय आकारात तडकतात. बुरशीचे ठिपकेही काळेच, आणि मोबाइलवर वरून काढलेल्या फोटोत दोन्ही सारखे दिसतात. जाणता शेतकरी पान तोडून सूर्याकडे धरतो. तेल्याचा ठिपका उजेडात पारदर्शक दिसतो, तेलाचा डाग पडलेल्या कागदासारखा. तेव्हा फोटो दोन घ्यावेत, एक सावलीत वरून आणि एक पान उजेडाकडे धरून, दोन्ही एकाच अंतरावरून, शेजारी मिमीची पट्टी ठेवून. विभागणी इथे बागेनुसार करायची, झाडानुसारही पुरत नाही, कारण एका बागेत माती, फवारणीचे पांढरे डाग आणि फोनही तोच असतो, आणि यंत्र रोगाऐवजी ती फवारणी शिकतं. तेल्या पावसाळी दमट हवेत जोर धरतो, म्हणजे मृग बहाराची झाडं पानाफळावर असताना. कोर्सवर्क, परवानग्या आणि फोन-स्टँडची जुळणी मे अखेर झाली नाही तर चित्रांसाठी पुढच्या जूनची वाट पाहावी लागते.